इंजिनाला कानस

एकदा एक वस्ताद होते. गोष्टींतले वृद्ध ज्ञानी पुरुष बहुधा झाडाखाली बसलेले असतात. हे मात्र मोटारीखाली झोपलेले असत. दाढी होती, पण ती पांढरी आहे हे कळायला रविवारची अंघोळ व्हावी लागे. शिष्यानं प्रश्न विचारावा आणि वस्तादांनी तासभर निरूपण करावं, असला प्रकारही तिथे नव्हता. प्रश्न विचारला की ते पाना मागत.

त्यांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. एका बाजूला ओतकामाची भट्टी, दुसऱ्या बाजूला लेथची घरघर, आणि मध्ये वस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या परदेशी मोटारी. या मोटारींचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ज्यांनी त्या बनवल्या ते कारखाने तरी बंद पडलेले, नाहीतर त्यांनाच आता त्या गाडीची आठवण उरलेली नाही. म्हणून वस्ताद परदेशी पत्रं पाठवत, भंगारबाजार धुंडाळत, दुसऱ्या गाडीचा एखादा भाग चालतो का पाहत, आणि काहीच जमलं नाही तर तो भाग स्वतः घडवत. जन्म यातच गेला होता. काढलेला जुना भाग, कितीही निकामी असला तरी, फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. गाडी तयार झाली की किल्लीही ते स्वतःच्या हातानं देत.

त्यांचा शिष्य संतराम. बरीच वर्षं वस्तादांजवळ काढलेला, हाताचा गुणी, डोळ्याचा तीक्ष्ण. उणीव म्हणाल तर एकच. केलेल्या कामाचं कोणी कौतुक केलं नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे. आणि वस्ताद तर कौतुकाच्या बाबतीत अगदीच कंजूष.

एके दिवशी गुळाचे व्यापारी मगदूम शेठ आपली गाडी घेऊन आले, म्हणजे दोरी बांधून ओढत आणली. इटलीत घडलेली, लाल, बुटकी, दोनच माणसांची शर्यतीच्या ढंगाची मोटार. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं, आणि उतरायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायचा. शेठच्या वडिलांनी ती हौसेनं घेतली होती. वडील गेले आणि गाडी गोदामात गुळाच्या रव्यांशेजारी, म्हणजे ढेपांशेजारी, पडून राहिली. आता पुण्याला जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे वडिलांची गाडी स्वतः चालवत न्यायची, एवढीच शेठची इच्छा होती. सौद्याच्या वेळी कोणालाही दाद न देणारा हा माणूस गाडीबद्दल बोलताना डोळे पुसत होता.

वस्तादांनी गाडी तपासली. मुख्य अडचण पाण्याच्या पंपाची होती. इंजिनाभोवती पाणी खेळवणारा हा पंप वर्षानुवर्षं एका जागी बसून जाम झाला होता. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच पोलादी स्टडना, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या खुंट्यांना, चिकटून बसलेलं. कवचावर इटलीतल्या ओतशाळेची उठावाची अक्षरं होती, नक्षीसारखी.

वस्तादांना त्याच सुमारास भाचीच्या लग्नाला गडहिंग्लजला जायचं होतं. जाताना ते संतरामला म्हणाले, "रोज तेल सोड, जरा गरम कर, आन् गप बस. हातोडी लावायची न्हाई. मी आल्यावर काढू."

संतरामनं तेल सोडलं, गरमही केलं. गप बसणं मात्र त्याला जमलं नाही. वस्ताद येतील, पंप काढून बाकावर ठेवलेला पाहतील आणि निदान "बरं केलंस" एवढं तरी म्हणतील, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं हातोडी उचलली. अगदी हळू मारायची असं ठरवून मारली. पहिल्या घावाला काही झालं नाही, म्हणून दुसरा जरा जोरात मारला. कवचाचा एक कान, म्हणजे स्टडवर बसणारा भाग, तुटून खाली पडला.

रागावणं, शिव्या देणं हा वस्तादांचा स्वभाव नव्हता. ते नुसते तुकड्याकडे पाहत राहिले असते. ते पाहणं संतरामला नको होतं. म्हणून त्यानं उरलेलं कवच कसंबसं सोडवून काढलं, तुटका कान चिकटद्रव्यानं जोडला, भेग बुजवली, आणि ते कवच शेजारच्या ओतशाळेत नेऊन जसंच्या तसं वाळूत दाबून दुसरं ओतवून घेतलं. नवं कवच हुबेहूब आलं. इटलीची अक्षरंसुद्धा वाळूत उमटून धातूत उतरली. त्यानं त्याला धुरी दिली, काळं तेल चोळलं, आणि ते दिसायला पार जुनं करून टाकलं. मोडलेलं कवच गोणपाटात गुंडाळून आपल्या बाकाखाली सारलं.

वस्ताद परतले तेव्हा संतराम म्हणाला, "पंप काढला वस्ताद. जुनं कवच गंजून गेल्यालं, कान हातातच आला. पर नशीब चांगलं. मुंबईला एका जुन्या पार्टवाल्याकडं अस्सल मिळालं. इटलीचंच."

वस्तादांनी हात पुसले, कवच दोन्ही हातांत घेतलं, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आणि मग जे झालं ते संतरामनं स्वप्नात पाहिलं होतं. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी पत्रं धाडून धाडून थकलो," ते म्हणाले. "आन् तू बसल्या जागी आणलंस. शाब्बास!"

इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला होता, आणि पडला तोही असा. संतरामला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. वस्तादांनी ते कवच विश्वकर्म्याच्या तसबिरीपाशी ठेवलं आणि त्यावर झेंडूचं फूल वाहिलं. त्यामुळे ते इंजिनावर बसतं की नाही हे गुपचूप लावून पाहायचीही सोय उरली नाही. चहाला येणाऱ्या प्रत्येकाला वस्ताद ते दाखवू लागले. कौतुकाच्या बाबतीत कंजूष असलेला माणूस एकाएकी उधळा झाला. "आमच्या संतूनं शोधलं," असं ते सांगत, आणि संतराम गाडीच्या पलीकडे जाऊन कारण नसताना चाकाचे बोल्ट आवळत बसे. पैशाचं विचारलं की "शेठ आल्यावर बघू" म्हणून तो टाळत असे. जेवायला तो घरी जाऊ लागला, कारण वस्तादांच्या डब्यातली भाकरी घशाखाली उतरेना.

एके दुपारी वस्ताद म्हणाले, "संतू, मला एकदा त्या मुंबईच्या दुकानात ने. जन्मभर जे हातानं घडवत आलो, ते कुठंतरी मांडून ठेवलंय म्हणतोस. मरायच्या आत बघायचंय."

"नेतो की," संतराम म्हणाला.

"आन् ह्या गाडीची किल्ली शेठच्या हातात तूच द्यायची. मान तुझा हाय."

खोटं बोलताना संतरामला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की संपलं. प्रत्यक्षात ते रोज नव्यानं बोलावं लागत होतं. कधी दुकानाची गल्ली सांगावी लागे, कधी दुकानदाराचं वय. लाज एवढी वाटे की खरं सांगावं म्हणून तो तोंड उघडी, आणि त्याच लाजेनं पुन्हा मिटी.

पंप बसवायचा दिवस आला. शेठ दुपारी येणार होते. वस्तादांनी फूल बाजूला केलं, कवच कपाळाला लावलं आणि संतरामच्या हातात दिलं. संतरामनं ते इंजिनापाशी नेलं. एका स्टडवर बसवलं तर दुसऱ्यावर बसेना. दुसऱ्यावर नेलं तर पहिल्यावरून निघे. कडाही जुळेनात. कवच थोडं, अगदी थोडं लहान होतं.

"भोकं जरा ओढून घेतो वस्ताद," तो घाईघाईनं म्हणाला. "कानस मारली की बसंल."

"बघू आण."

वस्तादांनी चष्मा लावला. कवच मोजलं. इंजिन मोजलं. परत कवच मोजलं. संतराम त्यांच्या हातांकडे पाहत उभा राहिला. तोंडाकडे पाहायचं धैर्य नव्हतं.

"अस्सल भागाला कानस लावायची?" वस्ताद शेवटी म्हणाले. "जिथं गाडी जन्मली तिथनं आलेला भाग. त्याचं माप चुकंल कसं? इंजिनच फुगलं असणार. इंजिन घासू."

"इंजिन?"

"मग काय करायचं?"

त्यांनी खणातून आपली आवडती बारीक कानस काढली. तिच्यावर खडू घासला. मऊ धातूचा कीस दात्यांत अडकू नये म्हणून ते नेहमीच असं करत. पाट ओढून ते इंजिनापुढे बसले. त्या इंजिनाच्या धातूला आजवर कोणी हत्यार लावलं नव्हतं. तसं दुसरं या मुलखात नव्हतं आणि घासलेलं परत भरून येणार नव्हतं, हे त्या शेडमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही त्यांनी एक डोळा मिटून कड पाहिली आणि कानस टेकवली.

"वस्ताद, थांबा! नका!"

संतरामनं आपला हात मध्ये घातला. कानस त्याच्या बोटांवरून गेली.

"चुकलं," तो म्हणाला, आणि इतके दिवस अडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "इंजिन बरोबर हाय. पार्ट खोटा हाय. मुंबईबिंबई काय न्हाई वस्ताद. मी हातोडी मारली. मीच मोडला." बाकाखालचं गोणपाट ओढून त्यानं मोडकं कवच त्यांच्यापुढे ठेवलं. कानाच्या मुळाशी हातोडीचा वण स्वच्छ दिसत होता.

वस्तादांनी कानस खाली ठेवली. ज्या पाहण्याला संतराम एवढा घाबरला होता तसं त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. संतरामला ते सोसावं लागलं.

"मोजल्यावर कळलं मला," ते सावकाश म्हणाले. "ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून नमुना जरा मोठा धरायचा असतो. हे तुला मीच शिकवलंय. मोडक्या तुकड्यावरनंच वाळू उठवलीस, म्हणून हा लहान आला. आधी न्हाई कळलं, कारण आधी मी मोजलंच न्हाई. तुझा शब्द होता."

"मग इंजिनाला कानस का लावलीत?"

"तू ह्याला खरा म्हणालास. हा खरा असंल तर इंजिन चुकीचं. दोन्ही बरोबर असू शकत न्हाईत. एक खोटा तुकडा खरा धरला, की बाकीचं सगळं त्याच्या मापाचं करत जावं लागतं. आज इंजिन घासलं असतं. ह्याच्या आधी काय घासलंस ते सांगू?" त्यांनी चष्मा काढला. "मला घासलंस. इतके दिवस मी मनात म्हणत होतो, मी अडाणी. उगाच जन्मभर भट्टीपुढं बसलो. जे दुकानात मिळतं ते हातानं घडवत बसलो. हे मला खरं वाटाय लागलं होतं, संतू."

पंप मोडल्याची लाज संतरामला ठाऊक होती; खोटं बोलल्याचीही. पण ज्या हातांनी त्याला पाना धरायला शिकवलं, त्या हातांचं मोल आपण त्यांच्याच नजरेत कमी केलं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो मोठ्यानं रडला. बोटांना किती लागलं हे पाहायला त्यानं हात वर केला, तर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. फक्त खडूची पांढरी रेघ होती. कानशीची एक कड बिनदात्याची असते. वस्तादांनी इंजिनाला तीच लावली होती.

"मला सांगितलंस," वस्ताद उठत म्हणाले. "मालकाला राहिलं."

दुपारी शेठ आले. उत्साहानं गुळाचा एक रवा घेऊन आले होते. संतराम त्यांच्यासमोर उभा राहिला आणि काहीही न वगळता त्यानं सगळं सांगितलं. शेठना आधी समजेना, मग समजलं. "माझे वडील प्रवास संपला की त्या पंपावर हात ठेवायचे," ते म्हणाले. "घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. आणि तू त्याच्यावर हातोडी मारलीस?" त्यानंतर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं काही चुकीचंही नव्हतं. संतराम मान खाली घालून ऐकत राहिला. वस्ताद मध्ये पडले नाहीत.

राग ओसरल्यावर शेठची नजर बाकावरच्या खोट्या कवचाकडे गेली. त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं केलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"पण हे तर हुबेहूब आहे की रे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "प्रदर्शनात कोण उघडून बघणार? अक्षरंसुद्धा तीच. झालं ते झालं. हेच बसव. तुला माफ."

संतरामला क्षणभर मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. होय म्हटलं की अपराध धुऊन निघणार होता, आणि तोही मालकाच्याच हातून.

"बसणार न्हाई शेठ," तो म्हणाला. "लहान हाय. बसवायचं तर तुमचं इंजिन घासावं लागंल."

"मग थोडं घास."

"थोडं थोडं करतच मी इथवर आलो. मी न्हाई घासणार."

शेठनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद दिव्याची काच पुसत होते. "काम त्याचं हाय," ते म्हणाले. "त्यालाच विचारा."

शेठ तडक निघाले. जाताना गुळाचा रवा जीपमध्ये परत ठेवायला विसरले नाहीत. त्या वर्षीचं पुण्याचं प्रदर्शन त्यांच्या गाडीविना झालं.

संतराम कामाला लागला. या खेपेस त्यानं सागवानाचा नमुना केला, आकसण्यापुरतं माप मोठं धरून, घासून, पुन्हा घासून. कोणी शाब्बास म्हणावं असं त्याला वाटत नव्हतं. कोणी पाहू नये असंच वाटत होतं. नमुना झाला तेव्हा ज्या जागी इटलीची अक्षरं असायची ती जागा त्यानं कोरी ठेवली होती.

"नाव घाल," वस्ताद म्हणाले.

"कुणाचं?"

"ज्यानं केलं त्याचं. उद्या दुसरा कुणी हे इंजिन उघडंल. हा तुकडा मूळचा न्हाई, एवढं त्याला कळू दे. बारीक घाल, पर वाचता येईल असं घाल."

ज्या माणसाला आपलं नाव चारचौघांत घेतलं जावं म्हणून जीव टाकावासा वाटे, त्याला स्वतःच्या नावाची अक्षरं लाकडावर चिकटवताना मान वर करवेना. पण त्यानं ती चिकटवली. कवच ओतून, थंड करून आणलं. ते स्टडवर अलगद सरकलं आणि कसलाही आवाज न करता बसलं.

निरोप गेल्यावर शेठ आले, या वेळी रिकाम्या हातानं. संतराम किल्ली घेऊन वस्तादांपुढे गेला. "किल्ली तुम्ही द्या," तो म्हणाला. "मला तो मान नको."

"आता तूच दे," वस्ताद म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

संतरामनं किल्ली दिली, आणि रिवाजाप्रमाणे फडक्यात बांधलेलं मोडकं कवचही दिलं. शेठनी ते सोडून पाहिलं, तुटक्या कानावर अंगठा ठेवला, पुन्हा बांधलं. मग त्यांनी गाडी सुरू केली, इंजिन जरा तापू दिलं, खाली वाकून नव्या पंपावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून त्याच्या शेजारचं नाव वाचलं.

"पुढच्या वर्षी पुण्याला नेईन," ते म्हणाले. "तिथे कोणी विचारलं, हे नाव कुणाचं, तर काय सांगू?"

संतरामच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही.

"सांगा," तो म्हणाला, "मूळचा ज्यानं मोडला, त्याचंच."

शेठनी मान हलवली आणि गाडी काढली. तिचा आवाज रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत संतराम दारात उभा होता. मग शेडमधल्या गाडीखालून एक काळा हात बाहेर आला आणि त्यानं पाना मागितला.